फेस नसताना घातलेलं तेल

मावशींना कामावरून काढलं त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी ओरडले. तोवर मी ओरडणाऱ्यांतली नव्हते. खडकीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात एकच शिस्त होती. आवाज चढवायचा नाही, काम मात्र असं करायचं की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. ही शिस्त मी चाळिशीला टेकेपर्यंत पाळली. आज मला त्याचा फारसा अभिमान वाटत नाही.

आमची कंपनी लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्ता सोडून आत गेलं की उसाच्या शेतांत होती. एक मोठी पत्र्याची शेड आणि तिला चिकटून काचेच्या खिडक्यांची प्रयोगशाळा. तिथे आम्ही बुरशी वाढवायचो. शिळ्या भाकरीवर चढते तिचीच लांबची नातलग. साखर कारखान्यातली मळी पातळ करून टाकीत भरायची, त्यात ही बुरशी सोडायची आणि खालून हवा देत राहायची. काही दिवसांत टाकीभर पिवळसर लगदा होतो. अशा वेळी तिचा नायट्रोजन तोडला की ती वाढायचं थांबते आणि उरलेल्या साखरेची चरबी करून पोटात साठवते. त्या चरबीत लहान बाळांच्या दूध पावडरीत घालण्याजोगं एक मौल्यवान तेल असतं. आमचा सगळा खटाटोप त्या तेलासाठी होता.

लगद्यात चरबी किती तयार झाली हे सांगणं माझं काम. जुन्या पद्धतीनं तेल काढून मोजायला दोन दिवस लागतात. मी ते इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीनं तासाभरात सांगायचे. लगदा गाळायचा, पाण्यानं धुवायचा, वाळवायचा, आणि त्यातली चिमूटभर पूड यंत्रावरच्या मसुरीच्या डाळीहून लहान अशा हिऱ्यावर दाबून धरायची. हिऱ्याखालून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश येतो. त्यातला काही प्रथिनं शोषतात, काही साखरा, काही चरबी. प्रत्येकाची जागा ठरलेली. मग पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो. त्यातल्या टोकांना आम्ही इंग्रजीतला ‘पीक’ हाच शब्द वापरायचो. ‘आज चरबीचं पीक चांगलं आलंय’ असं मी म्हटलं की टाकी सांभाळणाऱ्या मावशी खूश व्हायच्या. त्यांना वाटायचं, मी उसासारखं बुरशीचं पीक म्हणतेय. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. त्यांचा अर्थ मला जास्त आवडायचा.

मावशी लोणीच्याच. पन्नाशी ओलांडलेल्या, सातवी शिकलेल्या. टाकीच्या काचेतून नुसता रंग बघून ‘हिला हवा कमी पडतीय’ म्हणायच्या आणि ते खरं निघायचं. हवेनं टाकीत फेस चढतो, तो बसवायला वरून थोडं पाम तेल टाकतात. असं तेल सगळीकडे टाकतात, त्यात गैर काही नाही. तेल टाकायचं काम मावशींकडे होतं.

आणि आमचे सर. परदेशातून डॉक्टरेट करून आलेले, कंपनीचे मालक, बोलायला अतिशय गोड. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं होतं, “आपण कुठल्या?”

“खडकीची.”

“नाही, मूळच्या?”

“खडकीचीच, सर.”

ते हसले आणि माझ्या अर्जावरचं आडनाव पुन्हा एकदा सावकाश वाचलं. मला तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण ते यंत्र शेजारच्या खोलीत होतं, नवंकोरं, आणि मला ते हवं होतं.

दोन वर्षं मी त्या यंत्रावर राबले. शेकडो नमुने दोन्ही पद्धतींनी मोजले, तेव्हा कुठे माझ्या आलेखावर विसंबता येऊ लागलं. बुरशीची चरबी हळूहळू वाढत होती. पण सरांना हळूहळू चालत नव्हतं. बाळांचं दूध बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे लोक आमच्याबरोबर मोठा कारखाना काढायचा विचार करत होते आणि त्यांची भेट जवळ आली होती.

त्याच सुमारास एका आठवड्यात चरबीचं पीक एकदम उंच गेलं. मी नमुना तीनदा तपासला. तिन्ही वेळा तेच. सरांनी पेढे आणवले. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “बघा, मी म्हणत नव्हतो? तुम्हा लोकांना जरा ढकललं की होतं.”

‘तुम्हा लोकांना’ म्हणजे प्रयोगशाळेतल्यांना, असा मी अर्थ लावला. असे सोयीचे अर्थ मी खूप लावले आहेत.

पेढा खाल्ला खरा, पण आलेख डोळ्यांसमोरून हलेना. चरबीचं मोठं पीक आलेखाच्या मधल्या भागात येतं. त्याखेरीज अगदी डाव्या बाजूला एक बारीक पीक असतं, डोंगराच्या खांद्यावर उगवलेल्या झुडपाएवढं. आम्हाला हवं असलेलं तेल वाढलं की ते झुडूपही वाढतं. इथे मोठं पीक जवळजवळ दुप्पट झालं होतं आणि झुडूप होतं तेवढंच. म्हणजे चरबी वाढली होती, पण ती आमच्या बुरशीच्या जातीची चरबी नव्हती. मग कुणाची?

मी शेडमध्ये गेले. मावशी टाकीचा नळ पुसत होत्या.

“मावशी, या खेपेला टाकीत काही वेगळं घातलं का?”

“न्हाई ओ. तेच सगळं. तेल तेवढं जास्ती टाकतोय.”

“फेस फार येतोय का?”

“फेस कुठं? ह्या खेपेला फेसच न्हाई.” त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. “सर म्हनले, फेस नसला तरी रोज टाकत जा. मी म्हनलं, असंल काहीतरी बुरशीला खायाला.”

मी तिथेच उभी राहिले. पाम तेल ही चरबीच. ते बुरशीच्या धाग्यांना बाहेरून चिकटतं आणि साध्या पाण्यानं धुऊन जात नाही. माझ्या यंत्राचा प्रकाश पुडीत फार खोल शिरत नाही, त्यामुळे पृष्ठभागावर जे असेल ते त्याला ठळक दिसतं. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. हे यंत्र कुठे फसतं, ते दोन वर्षांत मीच त्यांना वेळोवेळी लिहून दिलं होतं. माझ्याच टिपणांवरून त्यांनी मला फसवलं होतं.

त्याच दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. राग होता, पण आवाज घरातल्या शिस्तीतला होता. मी म्हटलं, “सर, हे पीक बुरशीचं नाही, बाहेरच्या तेलाचं आहे. मावशी सांगत होत्या, फेस नसतानाही तेल घातलं जातंय.”

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. ‘मावशी सांगत होत्या.’ मला ते बोलायची काही गरज नव्हती. आलेख पुरेसा होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला. “असं का? बरं झालं तुमच्या लक्षात आलं. बघतो मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या गाडीतून उतरले तेव्हा सूचना फलकावर एक कागद लावलेला होता. टाकीवरील कर्मचाऱ्याने सूचनांकडे दुर्लक्ष करून तेलाचा अतिरेकी वापर केल्याचे निदर्शनास आले असून निष्काळजीपणाबद्दल सदर महिलेस सेवेतून कमी करण्यात येत आहे. खाली सरांची सही. आणि त्याखाली एक ओळ: ही गंभीर चूक शोधून काढल्याबद्दल प्रयोगशाळेचे अभिनंदन.

म्हणजे माझं अभिनंदन.

मी तशीच केबिनमध्ये शिरले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. “तुम्ही सांगितलं म्हणून त्यांनी घातलं!” हे नक्की ओरडले, कारण बाहेरच्या मुली नंतर तेच म्हणत होत्या. सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “अहो मॅडम, बसा. पाणी घ्या. मी सांगितलं याला पुरावा काय? बाईंनी ऐकण्यात चूक केली असेल. आणि तुम्ही एवढ्या का चिडताय? तुमचं तर कौतुकच केलंय. संधी मिळाली की माणसानं ती सांभाळायला शिकावं. सगळ्यांना मिळत नाही ती.”

“नमुने परत धुऊन नवा अहवाल काढू ना?” मी विचारलं.

“पाहुणे येऊन जाऊ देत. मग काढा हवे तेवढे अहवाल.”

म्हणजे चूक ‘सापडली’ होती, चूक करणारीला शिक्षाही झाली होती आणि चुकीचा आलेख मात्र तसाच पाहुण्यांना दाखवायचा होता! एवढा निर्लज्जपणा इतक्या शुद्ध मराठीत मी कधी ऐकला नव्हता.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते तरी पेटून उठतील. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, “तू गप्प बस. नोकरी टिकव. आपल्या माणसाला दुसरी संधी कुणी देत नाही.”

“म्हणून मावशींची पहिली जाऊ द्यायची?”

“त्या तुझ्या कोण लागतात?”

मी ताटावरून उठले. वडिलांशी मी असं कधी वागले नव्हते. कारखान्यात वर्षानुवर्षं त्यांनी काय काय गिळलं असेल याची कल्पना मला होती आणि तरीही त्या क्षणी मला त्यांचा सरांइतकाच राग आला. गिळत राहायचं शिक्षण त्यांनीच मला दिलं होतं आणि त्याला शिस्त असं नाव ठेवलं होतं.

रविवारी मी लोणीला मावशींच्या घरी गेले. त्या अंगणात लसूण निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. बस म्हणाल्या नाहीत.

“माझं नाव तुमी सांगितलं का?” त्यांनी सरळ विचारलं.

“हो.”

“का?”

मी उभ्या उभ्याच म्हटलं, “मला वाटलं, ते तेल बंद करतील. तुमच्यावर ढकलतील असं वाटलं नाही.”

“तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमाला वाटलं न्हाई?” त्यांचा आवाज चढला. “आख्ख्या गावात झालंय, बाळाच्या दुधात हिनं तेल मिसळलं. बाळाच्या दुधात! माझी सून बी माझ्याकडं बघतीया. मी नातवाला दूध पाजाय गेले तर ती म्हनली, द्या हिकडं, मी पाजते.”

मी माफी मागितली. त्यांनी हातातला लसूण निवडून संपवला. मग हात पदराला पुसून त्या आत गेल्या आणि फोन घेऊन आल्या. मावशींना बारीक अक्षर वाचायला त्रास व्हायचा म्हणून सर त्यांना आवाजात निरोप पाठवायचे. त्यांनी एक निरोप लावला. सरांचा तोच गोड आवाज अंगणात घुमला: “मावशी, आज फेस नसला तरी दोन मापं तेल टाका. वहीत मात्र लिहू नका.”

“असं सात-आठ हायेत,” मावशी म्हणाल्या. “पुरावा म्हनत्यात तो ह्योच ना?”

“हाच. मी हे लोकांसमोर लावलं तर चालेल?”

“लावा. मला त्यांची नोकरी नको. तो कागद तेवढा बदलून पायजे.”

पाहुण्यांच्या दिवशी प्रयोगशाळेत फुलं ठेवली होती. दोघं आले, एक वयस्कर गृहस्थ आणि एक माझ्याच वयाच्या बाई. गुणवत्ता तपासणी बाईंकडे होती. सरांनी मला पुढे केलं. “आमच्या मॅडम दाखवतील. फार मेहनती आहेत.”

मी त्या खेपेची पूड हिऱ्यावर दाबली. आलेख उमटला. मोठं पीक उंच, देखणं. गृहस्थ कौतुकानं मान हलवू लागले.

मग मी म्हटलं, “आता हाच नमुना धुऊन दाखवते.” पेट्रोलसारखा वास येणारं एक द्रावक मी आधीच काढून ठेवलं होतं. ते बाहेरचं तेल धुऊन काढतं. न फुटलेल्या धाग्याच्या पोटातल्या चरबीला इतक्या थोड्या वेळात फारसा धक्का लागत नाही. पूड त्यात हलवली, गाळली, वाळत ठेवली.

“मॅडम, याची गरज नाही,” सर म्हणाले.

“पाच मिनिटं लागतील, सर.”

“अहो, पाहुण्यांना वेळ नाही.”

“आम्हाला वेळ आहे,” त्या बाई म्हणाल्या.

पूड वाळली. मग मी धुतलेली पूड ठेवली आणि नवा आलेख जुन्यावर चढवला. मोठं पीक निम्म्याच्या आसपास येऊन बसलं. बारीक पीक होतं तिथेच राहिलं. त्या बाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “कुठलं तेल?”

“पाम.”

सर हसले. “एका कामगार बाईची चूक होती. आम्ही कारवाई केलीये. आमच्या मॅडम जरा भावनाप्रधान आहेत.”

मी फोन काढला आणि मावशींकडून घेतलेला निरोप लावला. ‘फेस नसला तरी दोन मापं तेल टाका. वहीत मात्र लिहू नका.’ मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला गृहस्थांनी हात वर केला आणि म्हणाले, “पुरे.”

ते दोघं निघाले. जाताना त्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी बरेच दिवस वाट पाहिली, की त्या एखादा फोन करतील, कुठे तक्रार करतील. कुणी काही केलं नाही. त्यांनी आमच्याबरोबर कारखाना काढला नाही, एवढंच. दार आवाज न करता लावून घेतलं. मोठ्या लोकांत बहुतेक असंच असतं.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सर मला म्हणाले, “प्रामाणिकपणाचं प्रदर्शनच भरवायचं होतं, तर एखादा हॉल भाड्यानं घ्यायचात. माझी प्रयोगशाळा कशाला?”

“मावशींचा कागद बदलून द्या,” मी म्हटलं. “नाहीतर हे निरोप मी गावात वाजवीन. आणि माझा राजीनामा घ्या.”

त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. मावशींच्या नव्या कागदावर लिहिलं, ‘सेवा समाधानकारक.’ जुन्या कागदाबद्दल, त्यावरच्या खोट्याबद्दल एक अक्षर नाही. मी तो कागद मावशींना नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो सुनेला मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.

राजीनाम्यानंतरचा महिना मला भरायचा होता. शेवटच्या आठवड्यात मी एक खेप माझ्या पद्धतीनं केली. तेलाचा थेंब नाही, आणि नायट्रोजन नेहमीपेक्षा एक दिवस आधी तोडला. फेस आला तो मी हवा कमी-जास्त करून बसवला, मावशी काचेतून बघून हवा जुळवायच्या तशी. नमुना ठेवला, आणि डाव्या बाजूचं ते बारीक पीक आपोआप वर आलं होतं. फार नाही, पण आलं होतं. बुरशी चांगली होती. तिला काही महिने हवे होते, एवढंच.

आलेख मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बघितला, आणि त्यांना तो कळला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते म्हणाले, “आता काय उपयोग?” दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी वाफेनं उकळून रिकामी करवली. बुरशीचं बियाणं जतन करून ठेवलेल्या नळ्यासुद्धा फेकायला लावल्या. दोन वर्षांचं काम गटारात गेलं आणि मी शेडच्या दारात उभं राहून ते बघितलं. मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो असं कुणी विचारलं, तर मी याचं नाव घेते. खोटं बोलण्याची गरजच नव्हती त्या माणसाला.

पुढचे अनेक महिने मला काम मिळालं नाही. मुलाखती चांगल्या व्हायच्या आणि मग फोन यायचे बंद व्हायचे. एका ठिकाणच्या ओळखीच्या बाईंनी शेवटी सांगितलं, “तुमच्या आधीच्या सरांना विचारलं आम्ही. म्हणाले, हुशार आहे, पण जुळवून घेत नाही.” वडिलांनी ‘मी सांगत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. एका संध्याकाळी एवढंच विचारलं, “ते दुसऱ्यांदा धुतलं तेव्हा रेघ खरंच एवढी खाली आली?” मी हातानं दाखवलं. ते किती तरी वेळ मान हलवत राहिले.

आता मी वारज्यात एका लहान प्रयोगशाळेत खाद्यतेलं तपासते. यंत्र जुनं आहे, खिडकीतून समोरच्या सोसायटीचं पार्किंग दिसतं. सर कॉलेजांतून व्याख्यानं देतात, त्यांची नवी कंपनी आहे असं ऐकते. त्यांचं काहीही बिघडलेलं नाही. हे लिहिताना माझे कान तापलेत.

मावशी आता लोणीजवळच्या एका रोपवाटिकेत काम करतात. मागच्या हिवाळ्यात मी तिकडे गेले होते. त्या शेवंतीच्या पिशव्या भरत होत्या. या वेळी बस म्हणाल्या, चहा मागवला. नातू शाळेत जायला लागल्याचं सांगितलं. निघताना मी धीर करून विचारलं, “मावशी, राग आहे का अजून?”

“हाय की,” त्या माती दाबत म्हणाल्या. “त्याच्यावर लई. तुमच्यावर थोडा.”

“माझाही तसाच आहे,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढची पिशवी घेतली.